'स्ट्रेस मार्कर'ला मराठीत काय म्हणावं?

टिपणकार
नैराश्याच्या रुग्णांवरच्या एका अभ्यासाचं माहितीपत्रक मराठीत करायचंय. लाळेतलं कॉर्टिसॉल (ताणात वाढणारं संप्रेरक), रक्तातलं सीआरपी हे प्रथिन आणि केसांचा नमुना, या तिन्हींना मूळ मसुद्यात मिळून 'बायॉलॉजिकल स्ट्रेस मार्कर्स' म्हटलंय. 'तणावाचे जैवचिन्हक' असं केलं, तर तपासणाऱ्यांनी 'तणावनिदर्शक' सुचवलं. वाचणारा दहावीपर्यंत शिकलेला धरायचा. काय ठेवावं?

कोशकीटक
'चिन्हक' हिंदीतून आलेलं, ते नकोच. 'दिशादर्शक' आपल्याकडे रुळलेला आहे, त्याच चालीवर 'ताणदर्शक' करा. आणि तणाव नव्हे, ताण.

क्षारपड
'दर्शक' म्हणजे शाळेतला लिटमस. रंग बदलला की आम्ल, विषय संपला. कॉर्टिसॉल तसं नाही. ते सकाळी सर्वांत जास्त आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असतं, त्यामुळे सकाळी आठला चांगला असलेला आकडा रात्री अकराला आला तर डॉक्टर भुवया उंचावतील. शिवाय सगळ्या रुग्णांत ते वाढतही नाही.

डेक्सामेथासोन चाचणीचं काय झालं ते आठवा. रात्री अकराला कॉर्टिसॉल दाबणारी 1 मिग्रॅची गोळी, दुसऱ्या दिवशी रक्त, कॉर्टिसॉल डेसीलिटरला 5 मायक्रोग्रॅमच्या वर गेलं तर 'दबलं नाही'. 1981 नंतर काही वर्षं ती नैराश्याचं निदान म्हणून गाजली. पण बऱ्याच रुग्णांत कॉर्टिसॉल व्यवस्थित दबायचं. उलट फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन ही फिटांवरची औषधं चालू असलेल्यांचं यकृत ती गोळी झपाट्यानं संपवतं, मग नैराश्य नसतानाही दबायचं नाही. वजन घटलेल्यांत, नुकतीच दारू सोडलेल्यांतही तेच. 'दर्शक' लिहिलंत तर रुग्ण विचारणार, "माझा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला का?"

नमुनेदार
वरच्या शब्दाची काळजी सोडा, सूचनांचं मराठी बघा. 'सकाळी उठल्यावर पहिला नमुना' असं लिहिलं असेल तर आधी ते खोडा. आपल्याकडे उठणं म्हणजे जाग येणं, अंथरूण सोडणं आणि तोंड धुऊन बसणं, सगळंच. जाग आल्यावर 30 ते 45 मिनिटांत कॉर्टिसॉल चढतं आणि मोजायची असते ती चढण. पहिला नमुना पंधरा मिनिटं उशिरा घेतला तर चढणीचा पायथाच हातचा जातो आणि वाढ खोटीच कमी दिसते. 'जाग येताच, अंथरुणातच' असं लिहा. मग 30 आणि 45 मिनिटांनी.

तोवर चहा, ब्रश, मिश्री, तंबाखू काही नाही. नुसतं 'दात घासू नये' लिहिलंत तर मिश्रीवाले स्वतःला त्यात धरणार नाहीत. हिरडीतून रक्त आलं की लाळेतला आकडा फुगतो, कारण रक्तात कॉर्टिसॉल कितीतरी जास्त. निकोटीननंही तो वाढतो. नळीवर घड्याळातली खरी वेळ लिहायला सांगा, ठरलेली नव्हे.

केसांचंही तसंच. 'मुळापासून' वाचून लोक उपटून देतील. 'टाळूलगत कात्रीने कापलेली बारीक बट, डोक्याच्या मागच्या भागातली' असं लिहा, आणि टाळूकडच्या टोकाला दोरा बांधायला सांगा. केस महिन्याला साधारण 1 सेंमी वाढतो, म्हणून त्या टोकाचे 3 सेंमी म्हणजे मागचे तीन महिने. टोकं उलटी झाली की कुठले महिने मोजले ते देव जाणे.

क्षारपड
सीआरपीला ताणात घालणंच मला पटत नाही. ते दाहाचं, म्हणजे इन्फ्लमेशनचं माप. लिटरला 3 मिग्रॅच्या वर असलं तर दाह आहे म्हणायचं, पण 10 च्या वर गेलं तर आधी सर्दी-ताप, दाढ, जखम बघायची आणि बरं वाटल्यावर पुन्हा रक्त घ्यायचं. नुसत्या स्थूलपणानंही ते वाढलेलं असतं.

कोशकीटक
मग 'जैवखुणा' करा. 'दाह' मात्र नको, लोक जळजळ समजतात.

अनुस्वार
'सूज' लिहाल तर पाय दाबून बघतील! आणि तणावावर एवढा राग कशाला? तंबूच्या दोराला मराठीत 'तणावा' म्हणतातच. पदार्थविज्ञानात तर 'ताण' म्हणजे टेन्शन, स्ट्रेसला 'प्रतिबल'.

कोशकीटक
तणावा फारसी 'तनाब'वरून आला. त्याचा मनाच्या तणावाशी काडीचा संबंध नाही. वर्तमानपत्रांनी हिंदीतून उचलला तो.

अनुस्वार
उचलला, आणि आता खेड्यापाड्यात बोलतात. परत कुणाला करणार?

टिपणकार
'जाग येताच' घेतलं, मिश्रीही घातली. वरच्या शब्दाचं अजून अडलंय. तूर्त 'शरीरावरील ताणाच्या खुणा' ठेवतो.

नमुनेदार
'शरीरावरील' नको, लोक वळ शोधतील. 'शरीरातील' करा. आणि एक राहिलं. प्रश्नावलीत 'होपलेसनेस' वेगळा प्रश्न असणार. आजारालाच 'नैराश्य' म्हटल्यावर तिथं काय लिहिणार?

कोशकीटक
आजाराला 'औदासीन्य' म्हणा.

अनुस्वार
संतवाङ्मयात उदास म्हणजे अलिप्त. तुमच्या हिशेबानं तो आजार?

कोशकीटक
मग 'खिन्नता'. 'अवसाद' तेवढा आणू नका.