Re: मे एंडला तीर्थन नदीवर ट्राउट पकडायला जायचं आहे

भाऊ, हिमाचलातल्या तीर्थनवर जायचा प्लॅन मस्त आहे पण मे एंड नका करू, वरचा बर्फ वितळून पाणी गढूळ अन् जोराचं होते, माशाला स्पिनर (पाण्यात फिरून चमकणारं धातूचं खोटं आमिष) दिसतच नाही. त्यापेक्षा मार्च-एप्रिल नाहीतर पावसाळ्यानंतर सप्टेंबर-ऑक्टोबर पहा. १ नोव्हेंबर ते फेब्रुवारी अखेर हिमाचलात ट्राउटची मासेमारी बंदच असते, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत बसवायचा विचार असेल तर तारखा आधी तपासा. अन् परमिट मत्स्य विभागाचं, ते घेतल्याशिवाय गळ टाकायचा नाही.

इथून दिल्लीपर्यंत ट्रेन, पुढे मनालीची बस, औटला उतरायचं अन् तिथून बंजार, मग नदीकाठचं गुशैणी.

आता सामानाचं. आपण कन्हान नदीवर रोहूसाठी जो जाड रॉड अन् कणकेची गोळी वापरतो ना, ते घरीच ठेवा, नदीतला ट्राउट कणकेकडे सहसा पाहत नाही. हलका रॉड, ६-८ पाउंडची ओढ झेलणारी लाइन (गळाची दोरी), छोटे स्पिनर बस झाले. मी पहिल्या वेळेस रॉड नुसता चादरीत गुंडाळून बर्थखाली सरकवला होता, इटारसी यायच्या आत कोणाच्या तरी ट्रंकेनं टोक मोडलं, तेव्हापासून प्लंबिंगच्या पीव्हीसी पाइपात टाकून नेतो (टीसी हमखास विचारते, यात काय आहे म्हणून). हुकाच्या टोकाजवळचा उलटा काटा पक्कडीनं दाबून घ्या, मासा सोडताना जबडा फाटत नाही.

बूट मात्र ग्रिपचेच घ्या, तिथले गोटे शेवाळानं साबणासारखे होतात अन् पाणी असं थंड की दोन मिनिटांत पाय आहेत का नाही तेच समजत नाही. किती जण जाऊन राहिले तुम्ही?