‘कंट्रोल प्लेन’ला प्रतल म्हणायचं का?

अनुवादिका: एका मासिकासाठी चिपवरचा लेख मराठीत आणतेय. चिपवरच्या असंख्य कोअरमधली, म्हणजे छोट्या प्रोसेसरमधली, माहितीची ये-जा सॉफ्टवेअरने ठरवायची, आणि कोंडी कुठे होणार हे एआयने आधीच ओळखायचं, असा विषय. ‘कंट्रोल प्लेन’ आणि ‘डेटा प्लेन’ला मी ‘नियंत्रण प्रतल’ आणि ‘विदा प्रतल’ लिहिलं. बहीण भूमिती शिकवते. ती म्हणाली, प्रतल सपाट असतं, इथे सपाट काय आहे? मला उत्तर देता आलं नाही.

सिलिकॉनवाला: बहिणीचं बरोबर आहे. चिप सपाट असली तरी हे प्लेन म्हणजे कामाची वाटणी: एक ठरवणारा, एक वाहणारा. इंटेलने 2007 मध्ये 80 कोअरची प्रायोगिक चिप दाखवली होती. 8 बाय 10ची जाळी, प्रत्येक कोअरला आपला राउटर, म्हणजे माहिती कुठे वळवायची ते बघणारा भाग. अशा जाळीत साधा नियम म्हणजे पॅकेट (माहितीचा तुकडा) आधी आडवं जातं, मग उभं. पुढे तुंबलंय का, हे बघत नाही. सॉफ्टवेअर-डिफाइन्ड पद्धतीत ठरवण्याचं काम राउटरकडून काढून घेतात. एकच कंट्रोलर सगळी जाळी बघतो आणि राउटरना वाटांचे तक्ते देतो. एआय मागच्या रहदारीवरून शिकून त्याला कोंडीचा अंदाज पुरवतं. मी ‘निर्णयस्तर’ आणि ‘वहनस्तर’ म्हणेन.

दौंडकर: स्तर नको. चिपमध्ये धातूचे खरेच थर असतात, वाचक तिकडे जाईल. माझे वडील रेल्वेत सांधेवाले होते. सांधा म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा जोड. आधी प्रत्येक सांध्यापाशी जाऊन तो हाताने फिरवायचा. मग केबिनमध्ये गेले. तिथे लिव्हरची रांग, खालून दांडे गेलेले, लांबचा सांधा खोलीतून फिरायचा. लिव्हर धरताना हातात फडकं, घामाने पोलाद गंजू नये म्हणून. रूळ तेच, गाड्या त्याच, ठरवण्याची जागा बदलली. राउटर म्हणजे सांधा, कंट्रोलर म्हणजे केबिन. इतके रुळलेले शब्द असताना नवे कशाला? रुळणं आलंच मुळी रेल्वेच्या रुळावरून.

तत्सम: परिभाषेला समास करता येणारा शब्द लागतो. ‘नियंत्रण’पासून नियंत्रक, नियंत्रित, अनियंत्रित सगळं होतं. केबिनपासून काय करणार? आणि रुळण्याचं साफ चूक. तुकोबांच्या अभंगात ‘रुळे माळ कंठीं वैजयंती’ आहे. तुकोबा सतराव्या शतकातले, आपल्याकडे पहिली प्रवासी गाडी धावली 1853 मध्ये.

दौंडकर: माळ रुळते ती गळ्यावर लोळते. शब्द रुळतो तो सवयीचा होतो. दोन्ही एकच कशावरून?

तत्सम: माळ अंगावर लोळून लोळून अंगवळणी पडते, तिथूनच आलं असावं, असं मला वाटतं.

अनुवादिका: शुक्रवारी लेख द्यायचाय. ‘सांधा’ घेतेय. प्लेनचं काय?

सिलिकॉनवाला: दौंडकर, एक विचारतो. तक्ते बदलताना जुन्या-नव्या वाटांची सरमिसळ झाली तर पॅकेटं एकमेकांना अडवून कायमची थांबतात. गाडी सांध्यावर असताना कोणी लिव्हर ओढली तर?

दौंडकर: ओढताच येत नसे. रुळाला लागून एक पट्टी असायची. तिच्यावर चाक असेपर्यंत लिव्हर हलत नसे.

अनुवादिका: तिला काय म्हणत?

दौंडकर: लॉकबार. वडीलही लॉकबारच म्हणत.