पाणबुडीतल्या ‘बॅलास्ट टँक’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न :
दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्यांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. पहिल्याच पानावर ‘बॅलास्ट टँक’शी अडले. रेल्वेत बॅलास्ट म्हणजे रुळांखालची खडी, ट्यूबलाइटमध्ये तोच चोक होतो. सध्या ‘भरताड टाकी’ लिहिले आहे. शिवाय टाकी ‘ब्लो’ करणे म्हणजे फुंकणे का? आणि व्हॉल्व्ह, कॉक या सगळ्यांना सरसकट ‘झडप’ म्हटले तर चालेल?

प्रतिसाद :
‘भरताड’ नको. भरताड म्हणजे जागा भरायला कोंबलेले, एकदा घातले की पडून राहणारे. शिडाच्या गलबताच्या तळाशी दगड घालतात तिथे तो शब्द शोभेल. पाणबुडीची ही टाकी रिकामी असते तेव्हाही कामातच असते, कारण तिच्यातल्या हवेवर बोट तरंगते. ‘सात-सी’ जातीची जर्मन पाणबुडी पाण्यावर ७६९ टन भरायची आणि पाण्याखाली ८७१ टन. मधले शंभरेक टन म्हणजे मुख्यतः या टाक्यांत शिरलेला समुद्र.

हौदात उपडा तांब्या दाबून पाहा. आत हवा कोंडलेली, त्यामुळे तो हाताला वर रेटतो. त्याच्या बुडाला भोक आहे आणि तुम्ही ते बोटाने दाबून धरले आहे असे समजा. बोट काढले की हवा भसकन वर जाते, खालून पाणी चढते, तांब्या बुडतो. टाकीचे अगदी हेच. बुडी मारताना पाणी आत ओढायला पंप लागत नाही, नुसती वरची वाट मोकळी करायची. वर येताना ती वाट बंद करून बाटल्यांत साठवलेली दाबाची हवा आत सोडायची, म्हणजे पाणी खालच्या तोंडाने बाहेर पडते. ती हवा जपून वापरावी लागे, म्हणून जर्मन बोटी पाण्यावर आल्या की टाक्यांत उरलेले पाणी डिझेल इंजिनाच्या धुराने बाहेर काढत.

म्हणून ‘फुंकणे’ मला पटत नाही. फुंकर चुलीवर घालतात, आणि ‘फुंकून टाकली’ म्हटले की मराठी वाचकाला उधळपट्टी आठवते. ‘पाणी रेटून काढणे’ लिहा. दोन शब्द जास्त गेले तरी चित्र बरोबर उभे राहते.

प्रतिसाद :
जर्मनीत राहत असल्याने थोडी भर घालतो. कीलजवळ लाबो गावी किनाऱ्यावर यू-९९५ ही त्याच घराण्यातली बोट ठेवली आहे, ती मी आतून पाहिली आहे. नळ्या आणि चाके यांतून माणसाने वाट काढत जायचे, अशी ती जागा. जर्मन भाषेत या टाकीला ‘टाउखत्सेले’ म्हणतात. ‘टाउखेन’ म्हणजे बुडी मारणे, ‘त्सेले’ म्हणजे कप्पा. ‘बॅलास्ट’ म्हणजे भार, इथे मात्र वजनाचा उल्लेखच नाही, नाव थेट कामावरून. मग आपणही ‘बुडीटाकी’ म्हणावे. पाणबुडी या शब्दात बुडी आधीपासून बसलेलीच आहे.

पुढच्या-मागच्या टोकांच्या टाक्यांमध्ये पाणी इकडून तिकडे नेऊन नाक वर-खाली करतात, त्यांना ‘तोलटाकी’ पुरेसे आहे. घाईची बुडी असली की खलाशीही नाकाकडे धावत, तेवढाच भार पुढे.

बोटीच्या वजनातला फरक भरून काढणारी टाकी हा तिसरा प्रकार, तिला मी ‘भरपाईटाकी’ म्हणेन. दीड टनाहून जड टॉर्पेडो सुटला की तेवढे पाणी आत घ्यावे लागते. इंधनाचे तर उलटेच. डिझेलच्या टाक्या खालून समुद्राला जोडलेल्या असत. डिझेल पाण्यावर तरंगते, त्यामुळे ते जळत जाई तसे खालून पाणी त्याची जागा घेई. खारे पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणजे इंधन संपत जाई तशी बोट जडच होई! मग भरपाईटाकीतले पाणी कमी करायचे.

प्रतिसाद :
‘झडप’ सरसकट नको. व्हॉल्व्हला झडप म्हणा, कॉकला तोटी. झडप वाट अडवते, तोटीतून पाणी बाहेर येते. हा फरक किती मोठा आहे ते ‘थेटिस’ या ब्रिटिश पाणबुडीवरून कळते. १ जून १९३९, म्हणजे युद्धाला तीन महिने असताना, लिव्हरपूलच्या उपसागरात तिची चाचणी चालू होती. टॉर्पेडोच्या नळीत पाणी आहे का हे पाहायला नळीच्या आतल्या दाराला एक बारीक तोटी होती. उघडल्यावर ठिबकले तर नळी भरलेली. पाचव्या नळीची तोटी कोरडी निघाली, कारण तिचे भोक आतल्या रंगाने बुजले होते. नळीचे बाहेरचे तोंड मात्र समुद्राला उघडे होते. आतले दार उघडले आणि समुद्र आत आला. ९९ माणसे गेली, चौघेच वाचले. ते भोक मोकळे करायला एक बारीक सळई दिलेली होती, ती वापरली गेली नव्हती.

इथे ‘झडप कोरडी निघाली’ लिहून पाहा. काहीच कळत नाही.

प्रश्नकर्ती :
बुडीटाकी, तोलटाकी, भरपाईटाकी, तिन्ही घेते. ‘थेटिस’ची गोष्टही लेखात चौकटीत घालणार आहे. त्या सळईसाठी शब्द शोधत होते. ‘तोटीला पिन मारली नव्हती’ असे लिहू का, स्टोव्हला मारतो तशी?

प्रतिसाद :
लिहा. ज्यांच्या घरी रॉकेलचा स्टोव्ह होता त्यांना ते भोक किती बारीक असेल हेसुद्धा कळेल.