एस्पान्योला पाहायचे असेल तर जानेवारी नको

आप्पाकाका: दादाने काल रात्री घरच्या ग्रुपवर टाकलेला गालापागोसचा, म्हणजे इक्वेडोरच्या पॅसिफिक महासागरातल्या बेटांचा, सहलीचा कार्यक्रम मी सकाळपासून दोनदा वाचला. जानेवारीचा पहिला पंधरवडा ठरवताना मला एका शब्दाने विचारले गेले नाही, याचे वाईट वाटले. त्याहून मोठी अडचण अशी की, ज्या वेव्हड अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्यासाठी मी या प्रवासाचे मनावर घेतले, तो त्या दिवसांत तिथे नसतोच. जगातले जवळजवळ सगळे वेव्हड अल्बट्रॉस तिथल्या एकट्या एस्पान्योला बेटावर वीण करतात, मार्चअखेरीपासून येऊ लागतात आणि पिल्लू उडाले की पुन्हा महिनोन्महिने समुद्रावर राहतात. जानेवारी ते मार्च अल्बट्रॉस एस्पान्योलावर नसतो.

दादा: आप्पा, तुम्हाला डावलण्याचा हेतू मुळीच नव्हता. ताईच्या मुलाचे कॉलेज आणि माझी रजा यांचा मेळ जानेवारीतच बसत होता. शिवाय त्या महिन्यात पाणी कोमट होऊ लागते आणि समुद्री कासवे अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. महाकासवे, इग्वाना सरडे, निळ्या पायांचे बूबी पक्षी बारा महिने दिसतात. एका पक्ष्यासाठी सगळ्यांच्या तारखा हलवायच्या का, एवढाच माझा प्रश्न आहे. आगाऊ रक्कम मी भरली आहे, हेही कृपया लक्षात असू द्यावे.

माईआत्या: पैशांचा विषय निघालाच आहे म्हणून विचारते. राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशशुल्कच माणशी दोनशे डॉलर आहे, हे खरे का? एवढे देऊन आपण नेमके काय पाहणार, हे मला अजून कोणी नीट सांगितलेले नाही.

ताई (बोस्टन): खरे आहे, आत्या. १ ऑगस्ट २०२४ पासून परदेशी पर्यटकांचे शुल्क शंभराचे दोनशे डॉलर झाले आहे. काय पाहणार ते सांगते. तिथल्याच सान क्रिस्तोबाल बेटाच्या धक्क्यावर मी सकाळी उतरले तेव्हा बाकावर एक समुद्रसिंहीण आडवी झोपली होती आणि तिचे पिल्लू बाकाखाली दूध शोधत लुचत होते. पलीकडच्या खडकावर दहा-बारा समुद्री इग्वाना एकमेकांच्या अंगावर पाय टाकून ऊन खात होते. मधूनच एखादा शिंकायचा आणि नाकातून खारट पाण्याचा बारीक फवारा उडायचा. समुद्रातले शेवाळ खाताना पोटात गेलेले मीठ ते असे बाहेर टाकतात, आणि तेच मीठ वाळून त्यांच्या डोक्यावर पांढरी खपली धरते. मी तासभर उभी होते. एकही प्राणी मला भिऊन हलला नाही.

छोटू: तिथे पेंग्विनही आहेत म्हणे. मग विषुववृत्तावर जाताना मी स्वेटर घ्यायचा की छत्री?

आप्पाकाका: दोन्हींची गरज नाही. विषुववृत्ताच्या उत्तरेला नैसर्गिकपणे राहणारा पेंग्विन हा तेवढाच एक. पश्चिमेकडून खोलातून वर येणाऱ्या थंड प्रवाहामुळे फर्नांदिना आणि इसाबेला बेटांभोवती मासळी भरपूर मिळते, म्हणून तो तगून आहे. १९८२-८३ च्या एल निनोत ते पाणी तापले, मासळी गेली आणि पेंग्विन फार मोठ्या संख्येने मेले. आता मूळ मुद्दा: जानेवारी ते मार्च अल्बट्रॉस एस्पान्योलावर नसतो.

माईआत्या: फर्नांदिनाचा ज्वालामुखी मार्च २०२४ मध्ये फुटला होता, हे मी बातमीत पाहिले आहे. तुम्ही सगळे पक्ष्यांचे बोलता. माझ्या जिवाचे कोणी बोलत नाही.

आप्पाकाका: माई, तुझ्या जिवाचे मी पहिल्यापासून बोलतो आहे. जमिनीखालचा तप्त बिंदू, म्हणजे जिथून लाव्हा वर येतो ती जागा, जागेवर राहतो आणि वरचे भूकवच पूर्वेकडे सरकत जाते, म्हणून पश्चिमेची बेटे तरुण व धगधगती, तर पूर्वेची म्हातारी व थंड असतात. एस्पान्योला अगदी आग्नेयेच्या टोकाला आहे आणि सर्वांत जुन्या बेटांपैकी आहे. सह्याद्रीचा काळा कातळ अशाच एका तप्त बिंदूवर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ओतला गेला आणि तो बिंदू आज हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाखाली आहे. ज्या दगडावर तुझे घर उभे आहे, त्याच जातीच्या दगडावर आपण चालणार आहोत.

धाकटी वहिनी: मला एक विचारायचे आहे. एस्पान्योलावरचे मॉकिंगबर्ड तहानेने पर्यटकांच्या बाटल्यांवर चोच मारतात, असे ताईंनी मागे लिहिले होते. मार्च लागला की मी गच्चीत मातीचे भांडे भरून ठेवते. तशी एक वाटी तिथे ठेवली तर कोणाचे काय बिघडेल?

ताई (बोस्टन): वहिनी, मलाही तेव्हा असेच वाटले होते. पक्षी माझ्या बुटावर येऊन बसला, बाटलीच्या झाकणावर टकटक करू लागला आणि मला त्याच्याकडे पाहवेना. गाइडने मला बाटली पिशवीत ठेवायला सांगितली. त्या बेटावर गोड्या पाण्याचा कायमचा साठा नाही. या पक्ष्याच्या कितीतरी पिढ्या त्याशिवायच तिथे जगल्या आहेत. आपण पाणी दिले की तो माणसांच्या मागे लागतो, आणि एकाच बाटलीला अनेक पक्ष्यांच्या चोची लागल्या की रोग पसरायला वाट मिळते. सप्टेंबर २०२३ मध्ये तिथल्या पक्ष्यांमध्ये बर्ड फ्लू सापडला होता. प्राण्यांपासून दोन मीटर दूर राहणे, फ्लॅश न वापरणे, शिंपला किंवा वाळूही न उचलणे हे नियम मुलांनाही आतापासून सांगून ठेवू या.

धाकटी वहिनी: तरीही तहानलेल्या जिवाला नाही म्हणणे मला जड जाईल. पण वाटी नेणार नाही.

माईआत्या: माझे मेथीचे दाणे आणि आंब्याच्या फोडी तरी चालतील ना? मागच्या सहलीत सहा दिवस मी केळ्यांवर काढले, हे इथे कोणाला आठवत नसेल.

दादा: आत्या, त्याबद्दल मी तेव्हाच क्षमा मागितली होती. ताजी फळे आणि बिया मात्र चालणार नाहीत. बेटांवर जाणारे सामान मुख्य भूमीवरच्या विमानतळावरच तपासतात.

आप्पाकाका: ते तपासतात हे फार योग्य करतात. माणसांनी सोडलेल्या बकऱ्यांनी एस्पान्योलाची झाडे-झुडपे इतकी खाल्ली की, १९६३ ते १९७४ या काळात शोधून शोधून तिथली फक्त चौदा महाकासवे हाती लागली: बारा माद्या आणि दोन नर. पुढे अमेरिकेतल्या सॅन दिएगो प्राणिसंग्रहालयातला दिएगो नावाचा तिसरा नर मिळाला. या पंधरा जिवांपासून सांता क्रूझ बेटावरच्या केंद्रात पिल्ले वाढवून बेटावर सोडत गेले, तेव्हा कुठे संख्या दोन हजारांच्या आसपास पोहोचली. ती पंधराही २०२० मध्ये परत एस्पान्योलावर सोडली. जी चूक निस्तरायला पन्नास वर्षे गेली, तिथे आपल्या पिशवीतून एक बी पडणेही मला सहन होणार नाही. आणि हे मी शेवटचे लिहितो: जानेवारी ते मार्च अल्बट्रॉस एस्पान्योलावर नसतो.

दादा: आप्पा, एकच वाक्य तीनदा लिहिल्याने रजा मिळत नाही.

ताई (बोस्टन): दादा, आप्पाकाकांचे म्हणणे मला पटते. मे महिन्याच्या उत्तरार्धात माझ्या मुलाची परीक्षा संपते आणि आपल्याकडच्या शाळांनाही सुट्टी असते. तेव्हा अल्बट्रॉसची अंडी घालून झालेली किंवा चाललेली असतात, आणि एकेक पक्षी एकुलत्या एका अंड्यावर उघड्या जमिनीवर बसलेला दिसतो. मी गेले तेव्हा एजंटने एस्पान्योला दाखवण्याचे कबूल करून आयत्या वेळी दुसरेच बेट दाखवले होते, म्हणून या वेळी पैसे देण्याआधी दिवस, बेट आणि उतरण्याची जागा हे सगळे लेखी घ्यावे. लहान बोटीने एस्पान्योलाची दिवसाची सहल सान क्रिस्तोबालहून निघते, त्यामुळे पहिले चार मुक्काम तिथेच करावेत, असे मी सुचवते.

माईआत्या: बोट किती हलते? आणि उतरल्यावर वाट कशी आहे?

ताई (बोस्टन): बोट हलते, आत्या, हे मी लपवत नाही. एस्पान्योलावर उतरतात त्या पुंता सुआरेझची वाट मोठमोठ्या गोट्यांवरून जाते आणि काठी घेतली तरी गुडघ्यांवर भार येतो. तुम्ही त्या दिवशी सान क्रिस्तोबालला थांबलात, तर मी तुमच्यासोबत धक्क्यावर बसेन. एस्पान्योला मी पुढे कधीतरी पाहीन.

माईआत्या: तू थांबायचे नाहीस. एकदा फसवली गेली आहेस, आता नीट पाहून ये. गोट्यांवरून चालायचे की नाही, ते मी तिथे गेल्यावर ठरवीन.

दादा: मी आज एजंटशी बोलून १८ ते २९ मे या तारखांचे भाडे विचारतो. आगाऊ रक्कम पुढे वळती होत असेल तर बदलू; होत नसेल तर तेवढा तोटा सगळ्यांनी वाटून घ्यावा लागेल.

आप्पाकाका: तो तोटा माझ्या नावावर लिही. दुर्बिणीच्या डाव्या भिंगात बुरशी धरली आहे. ती आजच दुरुस्तीला टाकतो.