चांदा ऑर्डनन्सचा शेअर मिळते का?

भद्रावतीचा कास्तकार:
राजेहो, संरक्षणाचं बजेट दरसाल वाढूनच राहिलं. चांदा ऑर्डनन्स फॅक्टरी आमच्या बाजूलाच, तिचा शेअर घेता येते का? कापसाचे लाखभर रुपये हाती आहेत. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपवर ‘मुनिशन्स इंडिया प्री-आयपीओ’, म्हणजे बाजारात यायच्या आधीचा शेअर, 180 रुपये भावानं देऊन राहिले. डिमॅट खातं आहे.

कागद_वाचा:
पहिले त्या ग्रुपमधून निघा. चांदा अन् भंडारा हे कारखाने मुनिशन्स इंडिया कंपनीकडे, अंबाझरीचा कारखाना यंत्र इंडियाकडे. 1 ऑक्टोबर 2021 ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून 7 कंपन्या केल्या, त्यातल्या ह्या दोन. मालक केंद्र सरकार, एकही बाजारात नाही. म्हणजे तुम्हाला विकून राहिले ते काहीच नाही. कोणी पैसे पाठवले असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या नंबरवर फोन करायचा; उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते. खरा आयपीओ येईल तेव्हा त्याचा मसुदा सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेच्या, साइटवर दिसेल.

वर्धा_लाइन:
बजेट वाढलं म्हणून कंपन्यांचा धंदा तेवढाच वाढला असं धरू नका. 2025-26 चे 6.81 लाख कोटी घ्या. त्यात पेन्शनच 1.60 लाख कोटी. पगार, इंधन, देखभाल वजा जाता भांडवली खर्चाला 1.80 लाख कोटी उरतात. त्यातले सुमारे 1.49 लाख कोटी नव्या खरेदीचे, अन् देशी मालासाठी राखीव 1.11 लाख कोटी. त्यातही बरीचशी रक्कम आधी झालेल्या करारांच्या हप्त्यांत जाते.

दुसरी फसगत बातमीची. ‘इतक्या हजार कोटींना मंजुरी’ म्हणजे बहुतेक वेळा संरक्षण खरेदी परिषदेनं फक्त गरज मान्य केली. त्यानंतर निविदा, चाचण्या, भावाची घासाघीस, मोठं काम असेल तर मंत्रिमंडळ समिती, मग करार. यात वर्षं जातात. शेअर मात्र त्याच दिवशी उडते. करार झाला तरी माल वेळेवर निघेलच असं नाही: हालला (हिंदुस्थान एरोनॉटिक्सला) 83 तेजस मार्क-1ए लढाऊ विमानांची ऑर्डर फेब्रुवारी 2021 मध्ये मिळाली, अन् अमेरिकेतून इंजिनं उशिरा आली म्हणून विमानं रखडली.

भद्रावतीचा कास्तकार:
मग सोलार इंडस्ट्रीज? ती तर नागपूरचीच आहे ना?

कागद_वाचा:
हो, अन् लिस्टेडही, म्हणजे शेअर बाजारात आहे. फेब्रुवारी 2025 मध्ये लष्कराच्या पिनाका रॉकेट लाँचरच्या रॉकेटांचे 10,147 कोटींचे करार झाले, ते तिची उपकंपनी इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्हज अन् मुनिशन्स इंडिया या दोघींत. पण सोलारचा जुना धंदा खाणीच्या स्फोटकांचा, म्हणून कोळशाची मागणी अन् अमोनियम नायट्रेट या कच्च्या मालाचा भावही पाहावा लागते. कंपनी चांगली असणं वेगळं, भाव परवडणं वेगळं. जुलै 2024 ते फेब्रुवारी 2025 मध्ये डिफेन्सचे बहुतेक शेअर आपटले, तेव्हा ऑर्डरी कुठं पळाल्या नव्हत्या.

वर्धा_लाइन:
घ्यायच्या आधी एवढं तपासा. हातातली ऑर्डर भागिले वर्षाची विक्री: 60 हजार कोटींची ऑर्डर, 20 हजारांची विक्री, म्हणजे 3 वर्षांचं काम. हा आकडा 7-8 वर निघाला तर खूश होऊ नका, कारखान्याचा वेग कमी आहे का ते पाहा. मग येणी, म्हणजे विकलेल्या मालाचे यायचे राहिलेले पैसे. गिऱ्हाईक सरकार, बिल बुडत नाही पण लटकते. नफा कागदावर अन् पैसा उधारीत, असं या धंद्यात नेहमीचंच. जहाज बांधणाऱ्यांच्या खात्यात दिसणारी रोकड बरीचशी नौदलाचा अ‍ॅडव्हान्स असते, तिला कंपनीची शिल्लक समजू नका.

अन् बियाण्या-खताचे पैसे यात घालू नका. सोसायटीचं पीककर्ज मुदतीत भरलं नाही तर व्याज सवलत जाते, ते नुकसान पक्कं. शेअरचा फायदा पक्का नाही. वर्षाच्या आत विकलं तर नफ्यावर 20 टक्के कर, हेही धरा.

भद्रावतीचा कास्तकार:
ग्रुप सोडला. येणी नेमकी कुठं दिसते?

वर्धा_लाइन:
वार्षिक अहवालात ताळेबंदात ‘ट्रेड रिसिव्हेबल्स’. शेजारच्याच रकान्यात मागच्या वर्षीचा आकडा असते. विक्री 10 टक्क्यांनी वाढली अन् येणी 40 नं, तर पुढं कॅश फ्लोच्या (रोकड आली-गेली त्याच्या) पानावर ‘ऑपरेटिंग अ‍ॅक्टिव्हिटीज’ची, म्हणजे रोजच्या धंद्यातल्या रोकडीची, बेरीज उणे आहे का ते बघा.