जोकर तुम्हाला पहिल्यांदा कुठे भेटला?

'द डार्क नाइट' हा बॅटमनचा सिनेमा १८ जुलै २००८ ला लागला तेव्हा मी साताऱ्याहून पुण्याला शिकायला येऊन जेमतेम महिना झाला होता. वसतिगृहातल्या आम्ही चौघी पावसात भिजत दुपारच्या खेळाला गेलो. जोकर झालेला हीथ लेजर जानेवारीतच गेला होता, अवघ्या २८ व्या वर्षी. पडद्यावर इतका जिवंत दिसणारा हा माणूस आता नाही, हे मनातून जातच नव्हतं.

माझ्या मनात राहिली ती जखमांची गोष्ट. ओठांच्या कडेच्या त्या खुणा दारुड्या बापाने सुरीने केल्या, असं जोकर सांगतो. मला खरंच वाईट वाटलं. पुढे तोच माणूस बॅटमनच्या मैत्रिणीला, रेचेलला, त्याच जखमांची वेगळीच कहाणी सांगतो, तिच्यात बाप नाही, बायको आहे. मी खुर्चीत गार पडले. माझी दया त्याने माझ्याच हातून काढून घेतली होती. पोलीस त्याला पकडतात तेव्हाही काही मिळत नाही. नाव नाही, कपड्यांवर शिक्का नाही, खिशात फक्त सुऱ्या. लहानपणी अन्याय झाला म्हणून वाईट झालेले खलनायक आपण पुष्कळ पाहिलेत. त्यांना माफ करायला काहीतरी धागा सापडतो. याने धागाच ठेवला नाही.

तुम्ही कुठे, कुणाबरोबर पाहिलात? कोणता क्षण अजून सुटत नाही? परीक्षण नको, तुमचं स्वतःचं लिहा.

*

ताई, माझ्यासाठी जोकर आधी कानातून आला. मी व्हायोलिन शिकते. सुरुवातीलाच तो रस्त्याच्या कोपऱ्यावर पाठमोरा उभा दिसतो, हातात मुखवटा लोंबकळतोय, आणि तारांचा एकच सूर सुरू होतो. सूर हळूहळू सरकत चढतो, ताणला जातो, पण कुठेही पोहोचत नाही. आपल्याकडे मींड घेतली, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत गेलं, की ती शेवटी एका स्वरावर येऊन विसावते, ऐकणाऱ्याचा श्वास तिथे सुटतो. इथे तो विसावाच दिलेला नाही. संगीतकार हान्स झिमरने जोकरसाठी धुन रचायच्या ऐवजी हा एक ताणलेला सूर दिला, आणि त्याच्या शोधात तारांवर दाढीचं पातंसुद्धा फिरवून पाहिलं. मी घरी साधा गज घेऊन, अगदी सावकाश ओढत, तसं वाजवून बघितलं. आई स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "हे नको वाजवूस गं, जीव घाबरतो." तिने चित्रपट पाहिलेलाही नव्हता.

*

माझा मुलगा ११ वर्षांचा असताना टीव्हीवर लागला होता. सुपरहिरोचा सिनेमा म्हणून मी निर्धास्त होते. जोकर पेन्सिलने माणूस मारतो तो प्रसंग आला आणि मुलगा उठून माझ्या कुशीत येऊन बसला. रक्त दिसत नाही, क्षणात संपतं, तरी त्याने दोन रात्री दिवा मालवू दिला नाही. चांगला सिनेमा आहे, मान्य. पण लहान मुलांना दाखवू नका, एवढं मनापासून सांगते.

*

मी शिकागोत नोकरीला आहे. बॅटमनचं गाव गॉथम म्हणून दिसतं त्यातलं बरंचसं हेच शहर. लोअर वॅकर ड्राइव्ह म्हणजे रस्त्याखालचा रस्ता, वर शहर आणि खाली खांबांच्या रांगा आणि पिवळट उजेड. रात्री तिथून गाडी नेताना मला अजून मागच्या आरशात बघावंसं वाटतं. जोकर ज्याच्यातून बाहेर पडतो ते रुग्णालय म्हणजे एका जुन्या गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्याची इमारत होती, ती खरोखरच उडवली.

वडील पहिल्यांदा आले तेव्हा मी त्यांना लासाल स्ट्रीटवर नेलं. त्यांनी तीस वर्षं नाशिक-मुंबई मालट्रक चालवलाय. अठरा चाकांचा तो ट्रक उलटा होतो ते संगणकाचं काम नाही, याच रस्त्यावर ट्रेलरच्या पोटात दट्ट्या बसवून खराखुरा उलटवला, हे त्यांना सांगितलं. ते दोन्ही बाजूंच्या दगडी इमारती बघत राहिले. पावलं टाकून रस्त्याची रुंदी मोजली. मग विचारलं, "आत चालक होता?" होता, म्हटलं. "त्याचं नाव काय?" मला माहीत नव्हतं. तिथेच फोनवर शोधून सांगितलं, जिम विल्की. वडिलांनी ते नाव दोनदा म्हणून पाहिलं. त्या सिनेमातलं दुसरं कुठलंही नाव त्यांना आज आठवत नाही.

*

२३ फेब्रुवारी २००९, महाशिवरात्र. ऑस्कर बघायला सगळं घर पहाटे उठलेलं, ते रहमानसाठी. मधेच सहायक अभिनेत्याचं नाव पुकारलं आणि लेजरचे आई-वडील आणि बहीण मंचावर आले. टाळ्या वाजवणाऱ्यांचे डोळे भरलेले. माझी आजी विचारत होती, "मुलगा कुठाय यांचा?" कुणालाच चटकन बोलता येईना.

*

मी हौशी रंगभूमीवर २२ वर्षं काम करतोय, म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो. जोकरच्या भूमिकेनेच लेजरचा जीव घेतला, हे आपण फार सहज बोलतो. तो गेला औषधांच्या अपघाती मिश्रणामुळे, तपासाचा निष्कर्ष तसा आहे. त्याच्या बहिणीने तर सांगितलंय की या कामाची तो मजा घेत होता. लंडनच्या हॉटेलच्या खोलीत बसून त्याने आवाज शोधला, हसणं शोधलं, वही भरली. याला तयारी म्हणतात. नट बुडाला म्हणून भूमिका उतरली, असं म्हटलं की त्याची मेहनत पुसली जाते.

त्याचं ते ओठ चाटणं पाहा. गालावर चिकटवलेले व्रण बोलताना सुटायला लागत, म्हणून जीभ तिकडे जायची असं सांगतात. त्याने ती अडचण जोकरची सवय करून टाकली. मी तो सिनेमा आवाज बंद करून तीनदा पाहिलाय, फक्त जीभ, मान आणि खांदे बघायला. मान नेहमी पुढे काढलेली, खांदे पडलेले, हात जणू स्वतःचे नसल्यासारखे. एकही हालचाल अशी नाही की जिचा अंदाज आधी यावा.

आपल्या निळूभाऊंची, निळू फुल्यांची, आठवण होते. पडद्यावरच्या त्या सरपंच-पाटलांमुळे बायाबापड्या त्यांना खरोखर शिव्याशाप द्यायच्या, आणि प्रत्यक्षात तो सेवादलातला, सभ्य, समाजासाठी झटणारा माणूस. नुसती मान तिरकी करून अख्ख्या टॉकीजला घाबरवायचे ते. तेही बुडाले नव्हते. त्यांना काम येत होतं.

*

मी अलिबाग तालुक्यातला. मुंबईहून घरी जायचं तर भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच. सिनेमा मी डिसेंबर २००८ मध्ये, मित्राच्या लॅपटॉपवर पाहिला. २६ नोव्हेंबरला नुकतेच दहशतवादी समुद्रातून आले होते. मग जोकर दोन बोटी आणतो. एकीत साधे नागरिक, दुसरीत कैदी, आणि प्रत्येक बोटीच्या हातात दुसरी उडवायचं यंत्र, किल्ली फिरवायची पेटी. मध्यरात्रीपर्यंत कुणी किल्ली फिरवली नाही तर तो दोन्ही उडवणार. नागरिकांच्या बोटीवर मतदान होतं. उडवा म्हणणारे जास्त, नको म्हणणारे कमी. चिठ्ठीवर लिहायला सगळे तयार, पण पेटी हातात घेतलेल्या माणसाला किल्ली फिरवता येत नाही. तिकडे एक धिप्पाड कैदी अधिकाऱ्याकडून ते यंत्र मागून घेतो आणि खिडकीतून पाण्यात फेकून देतो.

दोनच दिवसांनी मी लाँचमध्ये होतो. त्या दिवसांत सगळे एकमेकांच्या पिशव्यांकडे बघायचे. कुणाची पिशवी बाकाखाली दिसली की लोक सरकून बसायचे. मीही सरकलो होतो. धक्का सुटला, लाट लागायला लागली, तशी शेजारची म्हातारी तोंडाला पदर लावून उठली. तिने आपली गाठोडं बांधलेली पिशवी माझ्या पायाशी ठेवली. "बघ रे बाबा जरा," म्हणाली आणि कठड्याकडे गेली. रेवस येईपर्यंत मी त्या पिशवीवर हात ठेवून बसलो होतो.