थीम पार्कच्या तिकिटात अपंग व्यक्ती आणि मदतनीस यांना मिळणारी सवलत : सल्ला हवा आहे

धागाकर्ती

नमस्कार मंडळी. माझी मुलगी सोळा वर्षांची आहे. तिला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, ती व्हीलचेअर वापरते आणि मधूनमधून तिला आकडीही येते. बोलायला वेळ लागतो, पण समजते सगळे, आणि गेले वर्षभर तिने एकच हट्ट धरला आहे, तो म्हणजे मोठ्या थीम पार्कात जाऊन खऱ्याखुऱ्या राइडमध्ये बसण्याचा. येत्या सुटीत ती, तिचा नऊ वर्षांचा भाऊ आणि आम्ही दोघे असे परदेशी जाण्याचे ठरवत आहोत. देश अजून नक्की नाही, कारण तिच्यासाठी सोय कुठे चांगली आहे, यावरच तो ठरणार आहे.

तिकिटांची चौकशी सुरू केल्यावर मात्र मी गोंधळून गेले. एका ठिकाणी सवलत तिला आहे, दुसऱ्या ठिकाणी तिच्या सोबत्याला, तिसऱ्या ठिकाणी दोघांना आणि चौथ्या ठिकाणी कोणालाच नाही. त्यातच आमची एक खास अडचण आहे. तिला खुर्चीतून राइडच्या आसनावर नेण्यासाठी दोन माणसे लागतात. एकाने मागून काखेत हात घालून वरचे अंग तोलायचे आणि दुसऱ्याने गुडघ्यांखाली धरायचे. हे सावकाश केले तर ती छान बसते, पण कोणी घाई केली की तिचे पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर आवळले जातात आणि मग सुरक्षेचा दांडा काही केल्या खाली येत नाही. म्हणजे मदतनीस एक धरला तरी आम्हाला पुरत नाही.

तेव्हा विचारायचे आहे ते असे. सवलत साधारणपणे कोणाला आणि कशाच्या आधारावर मिळते? आपल्याकडचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र परदेशात चालते का? दुसऱ्या मदतनीसाबद्दल कोणी कधी बोलून पाहिले आहे का? आणि रांगेची सोय तिकिटाबरोबर आपोआप मिळते, की ती वेगळी मागावी लागते? ज्यांनी स्वतः असा प्रवास केला आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद १

ताई, माझा मुलगा स्वमग्न आहे, आता तो पंचवीस वर्षांचा आहे आणि थीम पार्क हे त्याचे सर्वांत आवडते ठिकाण असल्याने या विषयात मला बराच शोध घ्यावा लागला. तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बहुतेकांची फसगत तिथेच होते. तिकिटाची सवलत आणि रांगेची सोय या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांचे नियम वेगळे असतात, बऱ्याचदा त्या पाहणारे विभागही वेगळे असतात, आणि एक मिळाली म्हणून दुसरी मिळेल असे धरून चालू नये.

अमेरिकेतील डिस्नेच्या पार्कांचेच पाहा. वॉल्ट डिस्ने वर्ल्ड आणि कॅलिफोर्नियातील डिस्नेलँड येथे अपंगत्वासाठी तिकिटात सवलत नाही, मदतनीसालाही पूर्ण तिकीट काढावे लागते. तिथे आहे ती रांगेची सोय, जिला 'डिसॅबिलिटी ॲक्सेस सर्व्हिस' म्हणतात. २०१३ साली जुन्या कार्डाच्या जागी ती आली. तिच्यात रांगेत उभे न राहता परत येण्याची वेळ मिळते, आणि ती वेळ साधारण त्या राइडच्या चालू रांगेइतकीच लांबची असते. म्हणजे वाट पाहणे टळत नाही, फक्त ते गर्दीबाहेर सावलीत बसून करता येते, आणि माझ्या मुलासारख्याला तेवढ्यानेच जग बदलते. २०२४ मध्ये तिचे निकष बरेच अरुंद झाले. आता ती मुख्यतः स्वमग्नता किंवा तत्सम विकासात्मक अपंगत्वामुळे ज्यांना नेहमीच्या रांगेत दीर्घकाळ थांबणे शक्य नाही अशांसाठी आहे, आणि त्यासाठी व्हिडिओ कॉलवर बोलून नोंदणी करावी लागते. केवळ व्हीलचेअर आहे म्हणून ती मिळत नाही, कारण बहुतेक रांगा व्हीलचेअर जाईल अशा बांधलेल्या आहेत, असे त्यांचे म्हणणे आहे. तुमच्या मुलीच्या बाबतीत हे आधीच लक्षात घ्यावे.

युनिव्हर्सल ऑर्लँडोमध्ये रांगेची सवलत हवी असल्यास आधी आयबीसीसीईएस या संस्थेचे 'ॲक्सेसिबिलिटी कार्ड' काढावे लागते. ते मोफत असते, पण पार्कात जाण्याच्या निदान ४८ तास आधी नोंदणी झालेली हवी. दारात पोहोचून मोबाइलवर अर्ज भरत बसलेली कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि तो ताण मुलांवर किती येतो ते सांगायला नको.

ब्रिटनमध्ये चित्र निराळे आहे. ऑल्टन टॉवर्स, थॉर्प पार्क, चेसिंग्टन आणि विंडसरचे लेगोलँड चालवणारी मर्लिन ही कंपनी अपंग व्यक्तीकडून पूर्ण तिकीट घेते आणि एका आवश्यक मदतनीसाला विनामूल्य प्रवेश देते. रांगेसाठीचा 'राइड ॲक्सेस पास' हा तिथेही स्वतंत्र विषय असून तो आगाऊ ठरवावा लागतो. ऑस्ट्रेलियात तर 'कम्पॅनियन कार्ड' नावाची सरकारी योजनाच आहे. ज्याला कायमस्वरूपी सोबतीची गरज आहे त्याच्या नावावर ते कार्ड निघते, आणि ते स्वीकारणारी ठिकाणे सोबत्याचे वेगळे तिकीट घेत नाहीत. गोल्ड कोस्टवरची मोठी पार्केही त्यात आहेत. टोकियो डिस्ने रिसॉर्टमध्ये अपंग व्यक्ती आणि तिच्या एका सोबत्याला, दोघांनाही कमी दराचे तिकीट मिळते. जर्मनीत सरकारी अपंगत्व ओळखपत्रावर 'बी' असे अक्षर असेल, तर त्या व्यक्तीला सोबतीचा हक्क आहे असे मानले जाते आणि तिचा सोबती सार्वजनिक वाहनांतून मोफत प्रवास करतो. कित्येक करमणुकीची ठिकाणे तेच अक्षर पाहून सोबत्याला सवलत देतात.

आता मला मनापासून सांगायची गोष्ट. 'सवलत' या शब्दानेच आपण गैरसमजात पडतो. जी व्यक्ती एकटी आत जाऊच शकत नाही, तिच्या सोबत्याचे तिकीट घेणे म्हणजे त्या व्यक्तीकडूनच एका प्रवेशासाठी दोन तिकिटांचे पैसे घेणे होय. सोबती तिथे स्वतःच्या मजेसाठी आलेला नसतो. तो तिचे हात, तिचे पाय, कधी तिचा आवाज असतो. म्हणून अपंग व्यक्तीच्या तिकिटात काही टक्के सूट देणाऱ्या पार्कापेक्षा तिच्याकडून पूर्ण तिकीट घेऊन मदतनीसाला मोफत सोडणारे पार्क मला अधिक न्याय्य वाटते, कारण ते तिला इतरांच्या बरोबरीने पाहुणी मानते. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ सालच्या अपंग व्यक्तींच्या हक्कविषयक करारातील ३०वे कलम करमणूक, विरंगुळा आणि पर्यटन यांत सहभागी होण्याच्या हक्काबद्दलच आहे. मदतनीसाचे तिकीट मागताना आपण मेहरबानी मागतो आहोत असा सूर ठेवू नये, एवढेच मी सुचवीन.

प्रतिसाद २

मी स्वतः व्हीलचेअर वापरतो, त्यामुळे वरील प्रतिसादाशी सहमत असूनही एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. मदतनीस मोफत असणे योग्यच आहे, परंतु ज्या पार्कात वीसपैकी चार राइडमध्येच मला बसता येते, तिथे माझ्याकडून पूर्ण तिकीट का घ्यावे? काही वर्षांपूर्वी एका पार्कात मी पूर्ण पैसे भरून आत गेलो आणि प्रत्येक राइडच्या तोंडाशी मला नम्रपणे नकार ऐकावा लागला. त्यातही मनाला अधिक लागले ते हे, की कर्मचारी 'यांना उभे राहता येते का?' असे माझ्याकडे न पाहता माझ्या पत्नीला विचारत होते.

ताई, तिकीट काढण्याआधी त्या पार्काची अपंग अभ्यागतांसाठीची पुस्तिका संकेतस्थळावरून उतरवून घ्या आणि प्रत्येक राइडसमोर काय लिहिले आहे ते मुलीबरोबर बसून वाचा. उंची, मान आणि धड सावरण्याची क्षमता, दांडा धरता येणे, पायऱ्या उतरता येणे अशा अटी तिथे दिलेल्या असतात. काही ठिकाणी आकडी येणाऱ्यांसाठी लखलखत्या दिव्यांची सूचनाही असते. खुर्चीसकट आत जाता येते अशा राइड कोणत्या, हे तर आधी पाहा. डिस्नेच्या 'इट्स अ स्मॉल वर्ल्ड'मध्ये व्हीलचेअर थेट चढवता येईल अशी नाव असते, तिथे उचलण्याचा प्रश्नच उरत नाही. तिला बसता येईल अशा राइडची संख्या हाती आली की तिकीट परवडते की नाही, हे आपोआप कळेल.

प्रतिसाद ३

मी एका थीम पार्कात पाच वर्षे पाहुण्यांच्या मदत कक्षात काम केले आहे, म्हणून खिडकीच्या आतल्या बाजूने काय दिसते ते लिहिते.

कागद मागितले जातात ते तुमच्यावर अविश्वास म्हणून नव्हे, तर मोफत तिकिटाचा गैरवापर खरोखरच होतो म्हणून. परदेशी प्रमाणपत्र आले की समोरच्या कर्मचाऱ्याला ती लिपी वाचता येत नाही, त्यावरचा शिक्का ओळखता येत नाही, आणि मागे रांग वाढत असते. अशा वेळी अधिकृत इंग्रजी भाषांतर सोबत असेल तर काम फार लवकर होते. शक्य असल्यास त्या देशाच्या भाषेतही एक प्रत करून घ्या. त्याहून उपयोगी पडते ते डॉक्टरांचे अलीकडचे पत्र, ज्यात निदानाच्या नावापेक्षा गरज स्पष्ट लिहिलेली असते : 'ही व्यक्ती एकटी वावरू शकत नाही, तिला सतत सोबत लागते आणि आसन बदलण्यासाठी दोन व्यक्तींची मदत लागते.' निदान वाचून कर्मचाऱ्याला निर्णय घेता येत नाही, हे वाक्य वाचून घेता येतो.

युरोपचा विचार असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एका देशाने दिलेले अपंगत्व कार्ड इतर सदस्य देशांतही मानले जावे, असा युरोपीय संघाचा 'युरोपीय अपंगत्व कार्डा'चा निर्देश २०२४ साली संमत झाला असून सदस्य देशांना तो जून २०२८ पासून लागू करायचा आहे. मात्र ते कार्ड तिथल्या रहिवाशांसाठी आहे. आपल्यासारख्या पाहुण्यांना तोवर आणि त्यानंतरही प्रत्येक पार्काच्या स्वतःच्या नियमावरच अवलंबून राहावे लागेल.

दुसऱ्या मदतनीसाबद्दल : जवळजवळ सर्व छापील नियम एकाच मदतनीसाबद्दल बोलतात, आणि खिडकीवरच्या मुलामुलींना तो नियम मोडण्याचा अधिकार नसतो. म्हणून तिथे वाद घालून उपयोग होत नाही. किमान तीन आठवडे आधी मदत कक्षाला ईमेल करा आणि वर जे उचलण्याचे वर्णन केले आहे, अगदी तेच लिहा. आमच्याकडे अशी पत्रे पर्यवेक्षकाकडे जात, आणि ज्यात गरज नेमकी मांडलेली असे त्यांना बहुधा होकार मिळे. उत्तर आले की ते छापून घ्या, कारण त्या दिवशी खिडकीवर वेगळीच व्यक्ती असेल.

एक महत्त्वाची गोष्ट, जी लोकांना आधी ठाऊक नसते : पार्कचे कर्मचारी पाहुण्याला उचलून बसवत नाहीत. तशी त्यांना परवानगीच नसते. शिवाय राइड मध्येच बंद पडली तर अरुंद जिन्याने खाली उतरावे लागते, म्हणून अनेक पार्कांत एका वेळी एका राइडवर मदत लागणाऱ्या किती व्यक्ती बसू शकतात याला मर्यादा असते, आणि मदतनीसाने त्या व्यक्तीसोबत राइडमध्ये बसलेच पाहिजे अशी अट असते. मदतनीसासाठी किमान वयाची अट असते, तेव्हा तुमचा नऊ वर्षांचा मुलगा त्या संख्येत धरला जाणार नाही. तुम्ही दोघे मुलीसोबत बसलात तर त्याच्याजवळ कोण थांबणार, याचा विचार आधी करून ठेवा.

धागाकर्ती

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. मुलीला दुसरा प्रतिसाद वाचून दाखवला, तेव्हा 'यांना उभे राहता येते का' या ओळीवर तिने माझा हात घट्ट दाबला. तिलाही हा अनुभव नवीन नाही.

आता दोन गोष्टी विचारते. आगाऊ नोंदणीवर मिळणारी सूट आणि मदतनीसाचे मोफत तिकीट एकत्र मिळते का? आणि जिथे तिला भरपूर राइडमध्ये बसता येईल, असे एखादे पार्क कोणाला माहीत आहे का?

प्रतिसाद १ (पुन्हा)

बऱ्याच ठिकाणी एकत्र मिळत नाही, म्हणून चौघांची एकूण रक्कम दोन्ही पद्धतींनी मांडून पाहा. कधीकधी सर्वांची तिकिटे आगाऊ काढणे मदतनीसाच्या मोफत प्रवेशापेक्षा स्वस्त पडते. मदतनीसाचे तिकीट संकेतस्थळावर काढायचे की दारात, हेही आधीच विचारून ठेवा, कारण एकदा पूर्ण पैसे भरले की परतावा मिळवणे फार कठीण जाते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना मला विशेष आनंद होतो. टेक्सासमधील सॅन अँटोनियो येथे मॉर्गन्स वंडरलँड हे पार्क आहे. गॉर्डन हार्टमन यांनी आपल्या अपंग मुलीचा विचार मनात ठेवून ते उभारले आणि ते २०१० साली सुरू झाले. अपंग व्यक्तींना तिथे प्रवेश विनामूल्य आहे. व्हीलचेअरसकट बसता येईल असे झोके आणि गोल फिरणारे घोडे तिथे आहेत. २०१७ मध्ये त्याच्या शेजारीच पाण्याचे पार्क सुरू झाले, जिथे बॅटरीऐवजी दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या खुर्च्या देतात, त्यामुळे विजेवर चालणारी खुर्ची वापरणाऱ्यांनाही कारंज्याखाली थेट जाता येते.

मोठ्या राइडचा थरार तिथे नाही, हे मुलीला आधी सांगावे. तिला तो थरारच हवा असेल तर ब्रिटनचा पर्याय पाहा आणि मदत कक्षाला आजच ईमेल करा. मसुदा इथे टाकलात, तर आम्ही सगळे मिळून तपासून देऊ.

धागाकर्ती

तिला विचारले. तिने 'मोठी' असे उत्तर दिले. मसुदा रात्री टाकते.